मॅनेजरचा दाखला

मागे आपण शब्दप्रमाण पाहिलं. नैयायिकांच्या मते आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. आज हेच आपण हिशेबतपासनिसाच्या टेबलापाशी नेऊ. घोटाळा शोधणं हे त्याचं काम आहे का?

सन १८९६, इंग्लंड. किंग्स्टन कॉटन मिल ही कंपनी बुडाली होती. तिचा मॅनेजर वर्षानुवर्षं कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवत होता आणि त्या कागदी नफ्यातून लाभांश वाटला जात होता. ऑडिटरांनी मॅनेजरचा दाखला घेतला, ताळेबंदात तसं नमूदही केलं. आता बघा, सुरुवातीचा साठा, वर्षाची खरेदी, वर्षाची विक्री, एवढं शेजारी मांडलं असतं तरी संशय आला असता. म्हणजे प्रत्यक्ष राहू द्या, अनुमानसुद्धा केलं नाही! तरी अपील कोर्टाने त्यांना सोडलं. न्यायमूर्ती लोप्स यांचं म्हणणं असं, की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. संशयाला जागा नसेल तर कंपनीच्या विश्वासू माणसावर त्याने विसंबायला हरकत नाही.

आम्हाला हा निकाल अगदीच ढिला वाटत नाही. सगळ्यांवरच संशय घेतला तर कुठलाच हिशेब पुरा व्हायचा नाही. पण मेख अशी, की नफा दिसण्यात ज्याचं हित, तो त्याच नफ्याबाबत आप्त कसा?

अमेरिकेत १९३८ साली मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा सुमारे १ कोटी डॉलरचा साठा नुसता कागदावर निघाला. त्यानंतर कुठे साठामोजणीला हजर राहणं आणि येणेकऱ्यांना थेट पत्र लिहिणं तपासनिसाला बंधनकारक झालं.

आणि आपल्याकडे सत्यम. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी पत्रातच कबूल केलं, की रोकड आणि बँकशिलकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकांना विचारणा झाली होती, पण ती कंपनीच्याच हातून, आणि उत्तरंही कंपनीच्याच हातून आली, असं अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये नोंदवलं. पुन्हा मॅनेजरचाच दाखला!

२०१३ च्या कंपनी कायद्यात मग कलम १४३(१२) आलं. अधिकारी वा कर्मचारी घोटाळा करताहेत असं मानायला कारण असेल आणि रक्कम १ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर ऑडिटरने केंद्र सरकारला कळवायचं. मात्र त्याआधी संचालक मंडळाला किंवा ऑडिट कमिटीला लिहायचं आणि उत्तरासाठी ४५ दिवस द्यायचे. संचालकच सामील असतील तर त्या ४५ दिवसांत काय काय होऊ शकेल, हे प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचाराच.