अक्षरांचे कुलूप, अक्षरांचीच किल्ली

इंग्रजीच्या तासाला आपल्यापैकी अनेकांनी एक खेळ घेतला असेल. फळ्यावर चार अक्षरे लिहायची: ओ, पी, एस, टी. ही चारही वापरून होणारे शब्द मुलांनी शोधायचे. 'स्टॉप' लगेच येतो, मग 'पोस्ट', जरा वेळाने 'स्पॉट'. मग वर्ग थांबतो आणि कुणीतरी विचारते, "संपले का आता?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देणे सोपे नाही. चार अक्षरांच्या मांडण्या २४ होतात. त्या सगळ्या लिहून शब्दकोशात बघता येतील. सात वेगवेगळी अक्षरे घेतली तर मांडण्या ५०४० होतात आणि हा मार्ग बंद पडतो. सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी नेमक्या याच अडचणीचा उपयोग करून घेतला होता.

विज्ञानाची नियतकालिके १६६५ साली सुरू झाली. त्याआधी नवा शोध लागला की शास्त्रज्ञापुढे पेच असे. लगेच जाहीर करावे, तर निरीक्षण चुकीचे ठरण्याची भीती. थांबावे, तर दुसराच कुणीतरी श्रेय घेऊन जायचा. यावर तोड निघाली ती अशी : शोध एका लॅटिन वाक्यात लिहायचा, त्याची अक्षरे विस्कटायची आणि तेवढीच कळवायची.

१६१० साली गॅलिलिओने ३७ अक्षरांचे असे कोडे पाठवले. 'सर्वांत उंचावरचा ग्रह मला तिहेरी दिसला' असा त्याचा अर्थ होता. हा ग्रह म्हणजे शनी. केप्लरने ते सोडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याने कसाबसा अर्थ लावला तो मंगळाच्या जोडीचा! मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत, पण ते सापडले १८७७ साली. केप्लरचे उत्तर बरोबर आले ते केवळ योगायोगाने. कोडे मात्र चुकलेच.

शनी 'तिहेरी' का दिसतो, हे पुढे हायगेन्सने ओळखले. शनीभोवती कडे आहे, हे त्याने १६५६ साली असेच कोड्यात सांगितले आणि १६५९ साली उलगडले. पण त्याने एक बदल केला. अक्षरे कशीही न विस्कटता त्याने ती वर्णक्रमाने लावली. आधी सगळे ए, मग सगळे सी, मग डी.

आपल्या पाठ्यपुस्तकातला हूकचा नियमही जगापुढे आला तो याच वेषात. १६७६ साली रॉबर्ट हूकने १४ अक्षरे छापली : सी-ई-आय-आय-आय-एन-ओ-एस-एस-एस-टी-टी-यू-यू. (तेव्हा यू आणि व्ही एकच मानत.) १६७८ साली त्याने उलगडा केला : 'उट टेन्सिओ, सिक व्हिस', म्हणजे जितके ताणले जाते तितके बल. या १४ अक्षरांच्या वेगवेगळ्या मांडण्या किती होतात? काही अक्षरे पुन्हा आली आहेत हे धरूनही उत्तर येते ६०,५४,०४,८००. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

वर्णक्रमाने लावल्यावर अक्षरांचा मूळ क्रम पूर्ण पुसला जातो, पण कोणते अक्षर किती वेळा आले ते जसेच्या तसे राहते. म्हणून वाक्य शोधणे महाकठीण, पण कुणी वाक्य सांगितले तर ते पडताळणे अगदी सोपे.

न्यूटननेही १६७६ साली लायब्निझला धाडलेल्या पत्रात कलनशास्त्राचे सूत्र असेच दडवले. कोणते अक्षर किती वेळा, एवढेच लिहिले. लायब्निझने आपल्या मार्गाने जाऊन १६८४ साली कलनशास्त्र छापले आणि पुढे श्रेयावरून कडवट वाद झाला. 'मला काहीतरी माहीत आहे' एवढे कुलपाने सिद्ध होते. ते ज्ञान मात्र कुणाच्याच हाती लागत नाही.

आता फळ्यावरच्या खेळाकडे वळू. संगणक असे शब्द शोधतो तेव्हा २४ किंवा ५०४० मांडण्या तपासत बसावे लागत नाही. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे एकदाच वर्णक्रमाने लावायची आणि ती त्या शब्दाची 'सही' मानायची. मग सगळे शब्द सहीप्रमाणे लावायचे. स्टॉप, पोस्ट, स्पॉट या तिघांची सही ओ-पी-एस-टी, म्हणून ते आपोआप शेजारी येऊन बसतात. जॉन बेंटली यांनी 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या १९८६ च्या पुस्तकात ही युक्ती समजावून दिली आहे. हायगेन्स आणि हूक यांनी ज्याचे कुलूप केले, त्याचीच इथे किल्ली झाली!

मग या किल्लीने हूकचे कुलूप का उघडत नाही? कारण शब्दांचा कोश असतो, त्यांच्या सह्या आधीच करून ठेवता येतात. वाक्यांचा कोश कुठून आणणार?

मोठ्या शब्दात दडलेला छोटा शब्दही सहीवरून कळतो. 'हार्ट' आणि 'अर्थ' (पृथ्वी) यांची सही एकच : ए-ई-एच-आर-टी. 'टी' म्हणजे चहा, त्याची सही ए-ई-टी. ही तिन्ही अक्षरे त्याच क्रमाने मोठ्या सहीत सापडतात, मध्ये फक्त दोन जादा अक्षरे येतात.

हे वर्गात संगणकाशिवाय करता येईल. प्रत्येक मुलाने दहा इंग्रजी शब्द दहा चिठ्ठ्यांवर लिहावेत आणि मागे सही करावी. मग वर्गाच्या सगळ्या चिठ्ठ्या सहीप्रमाणे लावाव्यात. जुळे शब्द स्वतःहून समोर येतील. वर्गाच्या चिठ्ठ्यांपुरते तरी "संपले का?" याचे उत्तर खात्रीने देता येईल.

मग मराठीकडे वळावे. 'रवा' आणि 'वार' यांची सही एक आहे का? र आणि वा ही दोन अक्षरे धरली तर आहे. आणि 'राव'? काना वेगळा मोजला तर तोही यांच्यातलाच, नाहीतर नाही. म्हणजे सही करण्याआधी 'अक्षर कशाला म्हणायचे' हे ठरवावे लागते. हा वाद मुलांनाच घालू द्यावा.