नाइस

छान, सुखद, चांगल्या स्वभावाचा अशा अर्थांनी ऊठसूट वापरले जाणारे इंग्रजी विशेषण. मूळ अर्थ : अडाणी.

लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा. त्यातला ‘ने’ हा आपल्या ‘न’चा सख्खा नातलग. उरलेला भाग ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘स्कीरे’ या क्रियापदाचा. ‘सायन्स’ही त्याच घरातला. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘खुळा, बावळट’ असा अर्थ घेऊन, आणि चौदाव्या शतकात चॉसरनेही तो या अर्थाने वापरला. त्याच लॅटिन मुळाचा स्पॅनिश शब्द ‘नेसिओ’ आजही मूर्खालाच लावतात.

इंग्रजीत मात्र शब्दाला पाय फुटले. खुळ्याचा छचोर झाला, छचोराचा नखरेल, नखरेलाचा चोखंदळ. माणसाचा चोखंदळपणा पुढे गोष्टींना चिकटला आणि ‘बारीक, काटेकोर’ हा अर्थ आला. ही वाट कागदावर सरळ दिसते, प्रत्यक्षात हे अर्थ एकाच वेळी नांदत होते. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अनेक वाक्यांत लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे हे सांगणे अवघड, अशी कबुली ऑक्सफर्ड कोशानेच दिली आहे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधले रोमिओपर्यंत न पोहोचलेले पत्र ‘नाइस’ नव्हते, असे धर्मगुरू लॉरेन्स म्हणतो. पत्र वाईट होते असे त्याला सुचवायचे नाही. ते क्षुल्लक नव्हते, एवढेच त्याचे म्हणणे.

सर्वांत दचकवणारे उदाहरण १८१५ चे. वॉटर्लूच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी ड्यूक ऑफ वेलिंग्टनने (१८०३ मध्ये असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच) ब्रसेल्समध्ये थॉमस क्रीव्ही याला लढाईची हकिकत सांगितली. तीस हजार माणसे गेली असे म्हणून लगेच त्याने या प्रकाराला ‘नाइस’ म्हटले. आजचा अर्थ लावला तर माणूस निर्दय ठरेल. त्याला म्हणायचे होते : अटीतटीचे, केसाच्या अंतराने निभावलेले.

‘छान’ हा अर्थ तोवर, अठराव्या शतकात, रुळू लागला होता. चोखंदळ जिभेला रुचणारा पदार्थ ‘नाइस’, मग रुचणारे काहीही ‘नाइस’. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त (१८१७ च्या अखेरीस प्रकाशित) हेन्री टिल्नी कॅथरीनची यावरून फिरकी घेतो : पुस्तक नाइस, दिवस नाइस, फेरफटकाही नाइस! पूर्वी हा शब्द नेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांपुरताच असावा, असे तो ऐटीत सुचवतो. पण पंडितजींची धाव मधल्या पायरीपर्यंतच. खालच्या पायरीवर बसलेला मूर्ख त्यांना दिसलाच नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचे ‘मूळ’ बहुधा त्यांच्या आजोबांच्या काळापलीकडे जात नाही, याचा इतका गोड पुरावा क्वचित सापडतो. १९२६ मध्ये फाउलरने आपल्या प्रसिद्ध कोशात शब्दाच्या या सपाटीकरणाचे खापर चक्क स्त्रियांवर फोडले.

वाइटाकडून चांगल्याकडे झालेल्या या प्रवासाला अर्थोत्कर्ष म्हणतात. ‘सिली’ उलट वाटेने गेला : त्याचा पूर्वज ‘धन्य, सुखी’ अशा अर्थाचा होता, आज तो खुळचट. मराठीतले जवळचे उदाहरण ‘साहस’चे. धर्मशास्त्रात तो बळजबरीच्या गुन्ह्याला दिलेला शब्द आहे. आज मुलांना साहसकथा वाचायला देतात.

‘काटेकोर’ हा जुना अर्थ अजून पुरता मेलेला नाही. दोन गोष्टींमधल्या अतिसूक्ष्म भेदाला सुशिक्षित इंग्रज आजही ‘नाइस’ भेद म्हणतो.

फ्रान्समधल्या नीस शहराचे स्पेलिंग हेच असले, तरी दोघांचा काही संबंध नाही. ते नाव ग्रीक ‘निकाइया’वरून, म्हणजे विजयाच्या देवतेवरून आले. साखर पेरलेल्या ‘नाइस’ बिस्किटाला मात्र इंग्लंडमध्ये बरेच जण ‘नीस’च म्हणतात.