आप्पा खंडेरावांचा ओसाड मुलूख

झज्जर, बेरी, मांडोठी, पाटोदा. हरियाणातल्या आमच्या बहादुरगडच्या बसस्टँडवर रोज कानावर पडणारी ही नावं. १७९३-९४च्या सुमारास हे परगणे महादजी शिंद्यांचे सरदार आप्पा खंडेराव यांनी जॉर्ज टॉमस नावाच्या आयरिश माणसाला नेमून दिले. टॉमस मद्रासेत जहाजावरून पळालेला खलाशी, मग बेगम समरूच्या पदरी राहिलेला. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवते. पाठ्यपुस्तकात यातलं काहीच नाही.

दिलं म्हणजे फार औदार्य दाखवलं असं नाही. खंडेरावांना फौजेचा पगार भागवता येत नव्हता, म्हणून टॉमसच्या पलटणीचा खर्च या परगण्यांवर टाकला. वसूल करायला माणसं तरी हवीत ना! त्याआधी दहा वर्षं, १७८३ साली, चालिसा दुष्काळ पडला होता. संवत १८४०चा म्हणून चालिसा. इथली जमीन बांगर, म्हणजे उंचवट्याची, खोल पाण्याची. पाऊस गेला की आधी जनावरं जातात, मग गाव उठतं. गावंच्या गावं उठली. जी उरली ती चिवट होती. बेरीसारख्या ठिकाणी टॉमसला वसुलीसाठी लढावं लागलं.

१७९७ साली दुखण्याला कंटाळून खंडेरावांनी यमुनेत उडी घेतली. पुढे टॉमस हांसीला सरकला आणि स्वतःचं राज्य मांडून बसला. हांसी ताब्यात आली तेव्हा तिथे एक फकीर आणि दोन सिंह एवढीच वस्ती होती, असं त्याच्या चरित्रात आहे. सिंहांबद्दल मला थोडी शंका आहे, फकिराबद्दल नाही. पाच-सहा हजार माणसं त्याने हळूहळू आणून वसवली, टांकसाळ घातली, तोफा ओतल्या. १८०१च्या अखेरीस शिंद्यांच्याच फौजेने, पेराँच्या हुकमतीखाली, त्याचं राज्य बुडवलं. विल्यम फ्रँकलिन चरित्र लिहून घ्यायला बसला, तेव्हा टॉमस म्हणाला, मी फारसीत सांगतो. इंग्रजीपेक्षा तीच आता जास्त सवयीची झाली आहे.

आणि मराठी? दिल्लीतले हिंगणे वकील पुण्याला मराठीतच लिहीत. पण मराठी दप्तरात राहिली, शेतात उतरली नाही. आपली माणसं इथे आली ती खंडणीला, चौथाईला, लढाईला. १८०३च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. रिकाम्या जमिनीत ज्याने विहीर खणली, म्हैस बांधली, त्याची बोली टिकली.

पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना हे आवडत नाही. शेजारच्या ताई ‘पाणी’ म्हणतात, ‘काळा’ म्हणतात, तो ण आणि ळ ऐकून पाहुणे गहिवरतात: पानिपतचा वारसा! अहो, हाच ळ मारवाडीत आहे, पंजाबीतही आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत या बोलीला बांगरू म्हणून पश्चिमी हिंदीत घातलं, ते मला पटतं.

पानिपत-कर्नालकडच्या रोर समाजाची गोष्ट जास्त नाजूक. १७६१नंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं त्यांच्यातले बरेच जण आता मानतात, शिवजयंती करतात. १८८१च्या जनगणनेच्या अहवालात डेन्झिल इबेट्सनने मात्र त्यांचं ठाणं ठाणेसरच्या दक्षिणेचं पळसाचं जंगल असल्याचं लिहिलं आणि मूळ गाव म्हणून त्यांच्याकडून ऐकलेलं नाव नोंदवलं ते झज्जरजवळच्या बादलीचं. बादली आमच्यापासून जवळच. कोणी स्वतःला मराठा म्हणवलं तर मी अडवणार नाही, पण इतिहास शिकवताना बादली गाळणारही नाही.

१९४७ साली इथली मुस्लिम घरं गेली आणि मुलतान-झंगकडची माणसं आली. त्यांच्या नातवंडांना आजीची भाषा कळते, बोलता येत नाही.

२०११च्या जनगणनेत हरियाणवी सांगणारे सुमारे ९८ लाख निघाले. तेही हिंदीच्या रकान्यात मिळवले गेले. हरियाणाची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटींवर होती. ताईंच्या घरी गणनेला आलेल्या मास्तरांना सुनेने झटकन सांगितलं, “हिंदी.” ताई अजून तिच्यावर डाफरतात: “म्हारी बोली लिखवाई क्यूँ कोन्या?” सून म्हणते, मुलांना पुढे नोकऱ्या करायच्या आहेत.