अंग, कला आणि दिव्य

'अपंग' या शब्दात 'अप' आणि 'अंग' दडले आहेत. त्याचं संस्कृत रूप 'अपांग'. पण काव्यात अपांग म्हणजे डोळ्याचा कोपरा, जिथून कटाक्ष निघतो! 'विकलांग'मधल्या 'विकल'च्या मुळाशी कला आहे. चंद्राच्या सोळा कलांतली ती कला, म्हणजे अंश. सगळे अंश असतील तर सकल, उणे असतील तर विकल. दोन्ही शब्द उणिवेकडेच बोट दाखवतात.

27 डिसेंबर 2015 रोजी 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग', म्हणजे दिव्य अंग असलेला, हा शब्द सुचवला. पुढे 2016च्या अपंग-हक्क कायद्याच्या हिंदी नावात तो आला. हेतू सन्मानाचा असला, तरी अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला: आम्हांला दैवी शक्ती नको, रॅम्प हवेत, ब्रेल पुस्तकं हवीत, दुभाषे हवेत. हा आक्षेप रास्तच आहे. देवत्व बहाल केलं की हक्काची मागणी झाकली जाते.

मराठी कानाला तर 'दिव्यांग' या शब्दात आणखी काही ऐकू येतं. जुन्या न्यायव्यवस्थेत 'दिव्य' म्हणजे सत्त्वपरीक्षा. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढून खरेपणा सिद्ध करायचा. 'दिव्यातून जाणं' आजही आपण म्हणतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांपाशी असंच दिव्य करावं लागतं.

स्वतः अपंग असलेल्या कार्यकर्त्या नसीमा हुरजूक यांनी मात्र आपल्या आत्मकथनाला नाव दिलं 'चाकाची खुर्ची'. त्यात उणीव नाही, देवत्वही नाही. रोजच्या वापरातली एक वस्तू आहे.