मासाईंचे आंबट दूध आणि आपले ताक

थोरल्या भावाचे कोलेस्टेरॉल वाढल्याचे कळले तेव्हा डॉक्टरांनी त्याला गोळी सुरू केली. महिन्याभरात त्याने ती परस्पर बंद केली आणि जेवणावर तांब्याभर ताक सुरू केले. ‘आंबवलेल्या दुधाने कोलेस्टेरॉल उतरतं, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय,’ असे वर मलाच सुनावले. कोणत्या शास्त्रज्ञांनी आणि केव्हा, हे शोधायला मी बसलो. माग निघाला तो थेट पूर्व आफ्रिकेत.

केनियाचा दक्षिण आणि टांझानियाचा उत्तर भाग ही मासाई पशुपालकांची भूमी. दूध, मांस आणि गुरांचे रक्त हा त्यांचा परंपरागत आहार. भोपळ्याच्या तुंब्यात ठेवलेले दूध आंबवूनही ते पितात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जॉर्ज मान यांनी सुमारे 400 मासाई पुरुषांची तपासणी केली. 1964 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की इतके स्निग्ध खाऊनही या लोकांचे कोलेस्टेरॉल कमी आहे आणि हृदयविकार क्वचितच आढळतो. पुढे 50 मासाई पुरुषांच्या शवविच्छेदनात मात्र रक्तवाहिन्यांत चरबीचे थर सापडले. वाहिन्याच रुंद असल्याने रक्ताची वाट मोकळी राहिली होती. म्हणजे कोडे वाटले तितके सरळ नव्हते.

1974 मध्ये मान आणि स्पोरी यांनी 24 मासाई पुरुषांवर वेगळाच प्रयोग केला. ‘ट्वीन-20’ या पायसीकारक रसायनाचा कोलेस्टेरॉलवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. दोन्ही गटांना भरपूर आंबवलेले दूध दिले. रसायन मात्र एकाच गटाच्या दुधात. कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत उतरले! तेव्हा किमया दुधाचीच असावी, असा तर्क निघाला. पण न आंबवलेले दूध पिणारा तिसरा गट तिथे नव्हताच. प्रश्नच वेगळा होता, उत्तर आपसूक हाती आले आणि तेच पुढे गाजले.

तर्क निराधार नव्हता. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. काही जिवाणू आतड्यात पित्तक्षारांची मोडतोड करतात. ते शरीरात परत कमी शोषले जातात. नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढते.

डेन्मार्कमध्ये याची कसून परीक्षा झाली. 1995 च्या प्रयोगात 58 पुरुषांनी सहा आठवडे रोज 200 मिलिलिटर विशिष्ट विरजणाचे दूध घेतले. त्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे 10 टक्के उतरले. पुढच्याच वर्षी सहा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जिवाणूंऐवजी रसायनाने आंबट केलेले दूध पिणाऱ्यांचेही एलडीएल अखेरीस उतरले आणि दोन गटांतला फरक पुसला गेला. 2002 मध्ये केफिर या आंबवलेल्या पेयाच्या चाचणीतही लाभ दिसला नाही.

मला उमगले ते इतकेच : परिणाम झालाच तर थोडा, आणि तोही ठरावीक जिवाणूंचा. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत, हे कोणी तपासलेले नसते. ताकाचा साधा गुण वेगळा आहे. घुसळून लोणी काढल्याने त्यात स्निग्धांश कमी राहतो. सायीच्या दह्याऐवजी ते घेतले तर फायदाच.

हे सारे भावाला सांगितले. थोडी कुरकुर करून तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला आणि गोळी सुरू झाली. ताक त्याने सोडले नाही. सोड, असे मीही म्हटले नाही. पुढच्या महिन्यात रक्त तपासायचे आहे.