बेघर मुले आणि शाळा

घर किंवा कायमचा पत्ता नसलेल्या मुलांबाबत शाळांवर कायद्याने येणारी जबाबदारी. अमेरिकेत त्यासाठी १९८७ पासून मॅकिनी-व्हेंटो हा स्वतंत्र कायदा आहे. भारतात तसा कायदा नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदाच ६ ते १४ वयाच्या बेघर मुलांचा आधार आहे.

या कायद्याने शाळेला कागदांवरून मुलाला अडवायची मुभा ठेवलेली नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, हेही कारण चालत नाही. उलट दाखला द्यायला उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो (कलम ५). शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे प्रवेश पाहणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. कायदा तोकडा पडतो तो खासगी शाळांतील वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागांपाशी. महाराष्ट्रात त्यासाठी रहिवासाचा पुरावा लागतो, भाड्याचे घर असेल तर नोंदणीकृत करारनामा. पुलाखाली राहणाऱ्याने तो कुठून आणावा?

कायदा येण्याच्या कितीतरी आधी, तंजावरच्या मराठी राज्यात अशा मुलांचा भार छत्रांनी, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांनी, उचलला होता. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. परगावच्या वाटसरूंची पोरकी मुले पंतोजींच्या हवाली होत. त्यांना तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल, कपडे, औषध आणि आवडीची विद्या मिळे. पुढे लग्नाचा खर्चही छत्रच करी. हा दानधर्म होता, हक्क नव्हता. तरी पोटाची सोय लावल्याशिवाय मूल शिकत नाही, हे त्यात नेमके ओळखले होते, आणि आजच्या बहुतेक शाळांना ते अजून साधलेले नाही.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साहाय्याने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सिग्नल शाळेने ते ओळखले. सिग्नलवर गजरे, फुगे विकणाऱ्या मुलांचे वर्ग इथे मालवाहू कंटेनरांत भरतात. आंघोळ आणि खाणे आधी, पाटी-पुस्तक नंतर. इथली मुले दहावी उत्तीर्ण झाली आहेत.

प्रवेश नाकारल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येते (कलम ३२).