प्रबंधाचा विषय कोठून येतो?

श्रोतेहो, आमच्या रेणापुराकडील एखादा मुलगा किंवा मुलगी पीएच. डी. साठीं नांव नोंदविते, तेव्हां शेजारीपाजारी ‘पुढें नोकरी कोठें?’ असें प्रथम विचारतात, ‘विषय कोणता?’ असें विचारणारा विरळा. संस्थानी अमदानींत आमच्या वाडवडिलांस उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादेस १९१८ सालीं निघालेलें उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ. पुढें १९५८ सालीं औरंगाबादेस आणि १९९४ सालीं नांदेडास विद्यापीठ झालें. वाट जवळ आली, आणि विज्ञान, वाणिज्य, भाषा, समाजशास्त्र अशा नाना शाखांत नवे संशोधक दाखल होऊं लागले. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. प्रबंधांतलीं समीकरणें मला उमजणार नाहींत. पण प्रश्न कळतो. मराठी माणसांतील आरंभीच्या डॉक्टरांनीं आपले प्रश्न कोठून आणले, तेंच आज सांगणार आहें.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि १९११ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. विषय हिंदुस्थानांतील जातिसंस्थेचा इतिहास. मुख्य आधार मनुस्मृतीचा. विषय घरचा, तपासण्याची रीत तेवढी नवी. पुढें त्यांनीं ज्ञानकोशाचें अवाढव्य काम उरकलें, त्याचीं मुळें या शिस्तींत असावींत.

बाबासाहेब आंबेडकरांची वाट अधिक खडतर. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. जातिसंस्थेवर त्यांनीं १९१६ सालीं निबंध वाचला. परंतु डॉक्टरेटसाठीं विषय निवडला तो सरकारी जमाखर्चाचा. ब्रिटिश हिंदुस्थानांत वरिष्ठ सरकार आणि प्रांत यांमध्यें पैशाची वांटणी कशी होत गेली, हें त्यांनीं शोधलें. ज्याला गांवच्या पाणवठ्यावर पाणी मिळूं नये, त्यानें साम्राज्याच्या तिजोरीचा हिशेब मागावा, यांतलें मर्म श्रोत्यांनीं ओळखावें. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें, आणि त्यांचें ग्रंथसामान ज्या बोटीवर होतें ती महायुद्धांत बुडविली गेली. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा जमविला व १९२० सालीं पुन्हां लंडन गांठलें. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांस झोंबला. फेरलेखन करावें लागलें. त्यांनीं भाषा सौम्य केली, निष्कर्ष तसेच ठेवले, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. मिळविली. याच पुरुषानें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तेव्हां आमच्या मराठवाड्यांतील कित्येक गरीब घरांना कॉलेजचें दार प्रथम उघडें झालें.

इरावतीबाई कर्व्यांस मात्र विषय गुरूनें नेमून दिला. बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेंत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. गोऱ्या वंशाच्या कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंत फरक असतो व तो बुद्धीच्या श्रेष्ठतेचें चिन्ह आहे, असें त्यांचें मत होतें; त्यास शिष्येनें मापांचा आधार पुरवावा ही अपेक्षा. बाईंनीं सुमारें दीडशें कवट्या मोजल्या. असा फरक सर्वच वंशांत आढळतो, वंशाशीं त्याचा संबंध नाहीं, असें मापांनीं सांगितलें, आणि त्यांनीं तसेंच लिहिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्याच सिद्धांताविरुद्ध! गुण बेताचेच मिळाले. पदवी १९३० सालीं मिळाली. तीनच वर्षांनीं हे फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि नाझी राजवटीच्या वंशविचारास त्यांच्या विद्येचें पाठबळ लाभलें. मला तर हा प्रबंध वाचलेल्या पुस्तकांपेक्षांही मोठा वाटतो.

कमला भागवत, पुढें सोहोनी, यांची अडचण दारांतच होती. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या येऊनही १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून, प्रवेश नाकारला. बाईंनीं हट्ट सोडला नाहीं. पहिलें वर्ष परीक्षेवर राहण्याची अट पत्करून आंत शिरल्या. तेथें त्यांनीं दूध व डाळींतील प्रथिनें तपासलीं. नंतर केंब्रिजला बटाट्यावर काम करतांना, पेशीच्या श्वसनांत भाग घेणारें ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींतही असतें, हें त्यांनीं दाखविलें. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ सालीं पीएच. डी. झाली! हल्लींच्या जाडजूड बाडांकडे पाहून हा आंकडा मुद्दाम सांगितला. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं गरिबांच्या पोषणासाठीं नीरेवर संशोधन केलें.

आमच्या जिल्ह्यानें तर नवीन संशोधकांपुढें प्रश्नांची रासच घातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तो ज्या दख्खनी भूभागास शास्त्रज्ञ स्थिर मानीत त्याच भूभागांत. भूशास्त्रज्ञानें त्याचें कारण शोधावें. दगडमातीच्या भिंतींवर मातीचें जड माळवद असे, तें झोंपलेल्या माणसांवर कोसळलें. स्थापत्याच्या विद्यार्थ्यानें त्या घराची रचना तपासावी. गांवें उठून नव्या जागीं वसलीं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानें तेथील शेजार पाहावा. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अर्थशास्त्र आणि शेतकी या दोहोंना तेथें काम आहे. माळवदावर माती किती घालीत, ती कोठून आणीत व दर पावसाळ्यापूर्वीं पुन्हां कशी चोपीत, हें सांगणारीं म्हातारीं माणसें आमच्या पारावर अजून संध्याकाळीं बसतात.